सासरेबुवांचं नाव

१

बिश्केकला बिश्केक का म्हणतात हे मी गेली एकोणीस वर्षं प्रवाशांना सांगत आलोय, आणि दोनदा सारखं कधी सांगितलेलं नाही. पंधरा माणसांची माझी गाडी आहे. विमानतळावरून पाहुणे उचलायचे, बुरानाच्या मनोऱ्याला नाहीतर आला-आर्चाच्या दरीत न्यायचे, संध्याकाळी हॉटेलावर आणून टाकायचे. मधल्या दीड तासात त्यांना झोप लागली तर उतरताना कुणी खुशीनं हातात काही ठेवत नाही, म्हणून गोष्ट लागते. जर्मन असले की मी खानाची दिवस भरलेली बायको काढतो. तिची रवी हरवते, ती शोधायला माळावर जाते, तिथंच बाळंत होते आणि पोराचं नाव त्या रवीवरून ठेवते. पोरगा पुढे पहिलवान होतो, मरतो, त्याच्या थडग्याभोवती गाव वसतं. कोरियन असले तर खानाला रजा देतो आणि घोडीला बोलायला लावतो. त्यांना घोडी आवडते.

मुद्दा इतकाच की बिश्केक म्हणजे घोडीचं दूध घुसळायची रवी. ताकाच्या रवीसारखी ती फिरत नाही. माणसाच्या छातीएवढा दांडा, टोकाला लाकडाचा गोळा, आणि घोड्याच्या कातड्याच्या पखालीत तो वरखाली दणकत राहायचा. हजारभर दणके खाल्ले की दूध आंबतं, त्याला फेस येतो, आणि मग ते किमिझ. आमचं अमृत.

अमृत हा शब्द पाहुण्यांसाठी आहे. खरं सांगतो, मला त्या पदार्थाची शिसारी आहे. ओलं घोडं, धूर, आणि कुणाच्या तरी घामट टोपीचं अस्तर, असा तिहेरी वास नाकात जातो आणि घसा आपणहून बंद होतो. लग्नात, मयताला, वाडगा हाती आला की मी मिशी भिजवतो, 'वा' म्हणतो आणि पुढे सरकवतो. छप्पन्न वर्षांत कुणाला पत्ता लागलेला नाही. बायकोला ठाऊक आहे, पण ती दुसऱ्या कारणांसाठी माझी कीव करते.

आणि शहराला तरी ते नाव कुठं शोभतं? दहा लाखांच्या वर वस्ती. हिवाळ्यात कोळशाचा धूर असा की सकाळची थुंकी काळी पडते. मधली पासष्ट वर्षं इथं एका लाल सेनापतीचं नाव होतं, फ्रुंझे. मी फ्रुंझेत जन्मलो आणि जागचा न हलता तेविसाव्या वर्षी बिश्केकला आलो. विमानाच्या तिकिटावर अजून त्या जुन्या नावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं छापतात. गाडीत मी म्हणायचो, मंडळी, रवीच्या नावाचं हे शहर, पण अख्खं पालथं घातलं तरी एक रवी सापडणार नाही. लोक हसायचे.

गेल्या एप्रिलपर्यंत मी असं म्हणत होतो.

२

आमच्या इमारतीत तळमजल्याला विभागाचं वाचनालय आहे. तिथली क्लारा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, जुन्या शाळेतली, चष्म्यावरून बघणारी.

"सातिके," ती म्हणाली. सतिबाल्दी हे माझं पूर्ण नाव. मान द्यायचा असला की लोक ते असं तोडतात, आणि क्लारा मान देते तेव्हा तिला काम असतं. "एकोणतीसला शहराचा दिवस. शाळेची पोरं येणार. त्यांना दाखवायला खरी रवी आण."

"संग्रहालयात माग, एजे." मोठ्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो.

"ते काच उघडत नाहीत. इतक्या थापा मारतोस, आता एक लाकूड आणून दाखव. आणि लांब जायला नको. तुमच्या वरच्या घरात कुणीतरी घुसळतंय म्हणे. तुझी सूनच सांगत होती."

आम्ही चौथ्या मजल्यावर. वरचं घर दोन वर्षं रिकामं होतं. मी जिने चढून आलो, बूट काढले आणि स्वयंपाकघरात मान वर करून उभा राहिलो.

गुप. मग चार श्वासांएवढी शांतता. गुप.

"पाइप आहे तो," माझी बायको बुरुल म्हणाली. "गेल्या वर्षी पण असाच बोंबलत होता."

"पाइप नाहीये, बाबा," बेगिमाय म्हणाली. माझी सून. तेवीस वर्षांची, आठवा महिना लागलेला. "दहा दिवस झाले. दिवसभर चालतं."

आमच्यातल्या कुणालाही खटकलं असतं ते मलाही खटकलं. एप्रिलात दूध कुठलं? घोड्या अजून व्यायच्या असतात, आणि व्यायलेलीचं दूध आधी शिंगराचं. मे सरत आला की कुठं पहिली पखाल चढते.

पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरीच काळजी होती. बेगिमायच्या पोटात काही टिकत नव्हतं. चहा उलटायचा, भाकरी उलटायची, बुरुलनं तळलेले कणकेचे बोरसोक नुसते बघूनच ती न्हाणीघराकडे धावायची. पहिलं पोर मागल्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलं होतं. माझा मुलगा तिलेक मॉस्कोला इमारतींवर काम करतो. जाताना तो मला मिठी मारून इतकंच म्हणाला होता, "बाबा, या दोघांना सांभाळा." त्या दोघांत त्याची आई नव्हती. बायको आणि पोटातलं, अशी ती दोघं. मनगटं बघून वाटायचं, हिच्या अंगातलं सगळं ते पोर पिऊन टाकतंय.

३

पाचव्या मजल्यावरचं दार लोटलेलंच होतं.

आत सामान नाही. जमिनीवर एक लोकरीचा नमदा आणि एक लाकडी पेटी. वास मात्र इतका की त्याला हात लावता आला असता. जिन्यातच मी तोंडानं श्वास घ्यायला लागलो होतो. आत आल्यावर तो जिभेवर बसू लागला. स्वयंपाकघरातली शेगडी काढून टाकलेली, गॅसच्या नळीच्या तोंडात कणकेचा गोळा कोंबलेला, आणि शेगडीच्या जागी तीन दांड्यांच्या तिवईवर ती पखाल. कमरेइतकी उंच, चरबीनं काळी पडलेली, काही ठिकाणी केस तसेच राहिलेले. बाहेरून ती ओलसर होती. पखाल पाझरते, त्यात नवल नाही. खालची फरशी चिकट झाली होती आणि पाऊल उचललं की चट्ट वाजायचं.

"आलास, पोरा? मग पाच दणके दे."

म्हातारी पखालीमागं बसली होती म्हणून आधी दिसली नाही. मूठभर बाई. डोक्याला जुन्या पद्धतीचा पांढरा फेटा. सायराकान नाव सांगितलं. हात मात्र तिच्या तोंडावळ्याशी जुळत नव्हते: पांढरे, फुगलेले, बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली.

दूध घुसळत असलेल्या घरात पाय टाकला की रवी हातात घ्यायची, हा रिवाज आहे. खान असो की पोस्टमन. मी बाही वर केली आणि दांडा धरला. दांडा गुळगुळीत आणि, कसं सांगू, मेणचट होता. पहिला दणका. दुसरा. तिसऱ्याला खाली पखालीचा तळ लागायला हवा होता. लागलं ते मऊ होतं. दबलं आणि मग धरून राहिलं. वासराच्या तोंडात बोट दिल्यावर ते टाळ्याशी धरून ओढतं ना, तसं काहीतरी दांड्यातून माझ्या तळव्यापर्यंत आलं. चौथ्याला जरा हिसका द्यावा लागला. पाचवा मी मारल्यासारखा केला.

गाळ असेल, मी म्हटलं मनात. जुन्या पखालीत तळाला साका बसतो, दही होतं, चिकटतं. माणसानं विचार केला की सगळं समजतं.

तिनं वाडगा भरून दिला. मिशी भिजवावी म्हणून मी तो उचलला आणि हबकलो. कोमट होतं. किमिझ गार असतं, आंबट गार. हे अंगाच्या गरमीचं होतं. वर पातळ साय, सायीवर एक केस. पांढरा, बोटभर लांब, किंचित कुरळा. घोडी पांढरी असेल, मी म्हटलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळे मिशीवर भागणार नव्हतं. मी गिळलं. ते गोड होतं, आणि साय टाळूला चिकटून बसली ती जिभेनं किती खरवडली तरी निघेना.

"आपा, एप्रिलात दूध आणता कुठून?"

"आणायचं कशाला? घरचंच असतं."

"घोडी चढते का पाच जिने?"

"गमत्या आहेस," ती म्हणाली आणि हसली. दात नव्हते. "काय काम काढलंस?"

मी वाचनालयाचं सांगितलं. दोन दिवसांसाठी तुमचा बिश्केक द्या, म्हटलं. तिनं पटकन तोंडावर हात धरला.

"तू घे खुशाल. मी ते नाव घेत नाही. सासरेबुवांचं आहे."

हे माझ्या घरातलंच होतं. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं उच्चारायचं नाही, आणि त्या नावाचा अर्थ एखादी वस्तू असेल तर त्या वस्तूचंही नाही. माझ्या बापाचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. बुरुल तीस वर्षं लोखंडाला 'काळं' म्हणतेय. कपड्यांवर काळं फिरवते, काळ्या कढईत तळते. बेगिमायही आल्यापासून तसंच म्हणते. आजकालच्या पोरी करत नाहीत, ती करते, म्हणून बुरुलला तिचं कौतुक.

"मग शहराला काय म्हणता हो?"

"फ्रुंझे. सोपं पडतं. नाव बदललं त्या वर्षी फार पंचाईत झाली बघ. रेडिओ लावायची सोय राहिली नाही."

मी मनापासून हसलो. जर्मनांना सांगायला आणखी एक मिळालं होतं. "कुठले हो सासरेबुवा?"

"इथलेच. शहर नंतर आलं."

ती उठून पेटीकडे गेली. "रवी देईन. पण आता माझ्यानं होत नाही, पोरा. घरात सुनेचा हात नाही. तुझ्याकडे आहे ना? पावलं ऐकते मी तिची. भरलेली पडतात."

आणि मी, ज्याची जीभ एकोणीस वर्षं भाड्यानं चालते, मी काय म्हणालो? शेजारी शेजाऱ्याला म्हणतो तेच. जे आमचं ते तुमचं, या थाटात.

"त्यात काय, आपा. आमची सून ती तुमचीच सून. हाक मारा, येईल."

तिनं पेटीतून एक पांढरा रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "तिला दे. माझ्याकडून." मी वाकून, दोन्ही हातांनी घेतला.

४

"अक्कल गाडीत विसरून येतोस का, म्हाताऱ्या?" बुरुल म्हणाली. "पांढरा रुमाल सुनेला कोण बांधतं?"

सासू बांधते. उंबरा ओलांडताना. बेगिमायला दोन वर्षांपूर्वी बुरुलनंच बांधला होता आणि मी शेजारी उभा राहून रडलो होतो.

"अगं, म्हातारी बाई. आशीर्वाद म्हणून दिला असेल."

"आशीर्वादाला असा वास येत नाही."

रुमाल पिवळट, आंबट दुधात भिजून वाळल्यासारखा कडक होता. बुरुल तो बादलीत टाकायला वळली, तर बादलीपाशी उभ्या बेगिमायनं तो तिच्या हातातून घेऊन डोक्याला बांधलासुद्धा. आणि मग ती टेबलाशी बसली, तिनं भाकरीचे तीन तुकडे लोणी लावून खाल्ले आणि चौथा मागितला. आम्ही दोघं श्वास धरून न्हाणीघराच्या दाराकडे बघत बसलो. ती उठली नाही. अन्न राहिलं.

त्यानंतर बुरुल रुमालाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. पोर जगणार असेल तर डोक्याला पोतं बांध म्हटलं असतं मी.

दुसऱ्या दिवसापासून ती वर जाऊ लागली. न्याहारी झाली की जायची, जेवायला खाली यायची, परत जायची. येताना तांब्या भरून आणायची आणि मजेत प्यायची. गाल भरले. पोट पुढे आलं. डॉक्टरीणबाईंनी वजन बघून मान डोलावली. छतातून तो आवाज यायचा, पूर्वीपेक्षा जलद. गुप, गुप. दमदार.

माझं मात्र जेवण सुटलं. भाकरीला तो वास. उशीला तो वास. एकदा मी तिच्या हातून चहाची पेली घेतली आणि बोटं दिसली: पांढरी, फुगीर, टोकं सुरकुतलेली. पेलीच्या कडेला काही नव्हतं, मी उजेडात धरून पाहिली, तरी तोंड लावलं नाही.

रवी मागायला मी परत वर गेलो नाही. एकोणतीसला क्लाराला घरचं लाटणं नेऊन दिलं. तिनं त्याला लाल फीत बांधली, पोरांनी त्याचीच चित्रं काढली, उपमहापौरांच्या बाईंनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. दहा लाखांत एकालाही फरक कळला नाही. एरवी या गोष्टीवर मी वर्षभर जेवलो असतो.

५

मेच्या पहिल्या रविवारी तिलेकचा फोन आला. बेगिमायशी बोलून झालं आणि त्यानं मला मागितलं.

"बाबा, तिला काय झालंय?"

"काय होणार? घोडीसारखी खाते."

"नाही. म्हणजे बरंय ते. पण मला म्हणते, तू फ्रुंझेला कधी येणार? मी म्हटलं, कुठं? तर पुन्हा तेच. फ्रुंझे, फ्रुंझे. आजी असल्यासारखी."

मी हसून वेळ मारून नेली. मग फोन ठेवला. माझ्या वयाची माणसं म्हणतात फ्रुंझे, सवयीनं, कधी चिडवायला. ही पोरगी जन्मली तेव्हा ते नाव जाऊन दहा वर्षं झाली होती. तिला ते कुणी शिकवलं, हे कळत होतं. का शिकवलं, ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

मी तिचा पासपोर्ट कपाटातून काढला आणि बाळाच्या कागदांचं निमित्त करून तिच्यापुढे ठेवला. "जरा वाच गं. माझा चष्मा सापडत नाही."

तिनं नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. जन्म इथल्या दवाखान्यातला, म्हणून जन्मस्थळाला बिश्केक; तिथं बोट आलं आणि थांबलं. मग पुढची ओळ वाचली.

"मधलं राहिलं."

तिची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नव्या नवरीची होते तशी. "बाबा, ते मी कसं घेऊ?"

"का? कोण लागतो तो तुझा?"

"असं काय विचारता," ती लाजून म्हणाली आणि पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिला.

मी बुरुलला गॅलरीत गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. मला वाटलं, हसेल, म्हणेल गरोदर बायकांच्या डोक्यात काय काय येतं. मी सांगत होतो तोवर ती एकच चादर झटकत राहिली.

"तुला सांगणार नव्हते," ती म्हणाली. "आज सकाळी मला म्हणाली, लोखंडी कढई कुठं ठेवलीत."

"मग?"

"मग काय, म्हाताऱ्या? लोखंडी म्हणाली. तोंड भरून. तुझ्या बापाचं नाव, दोन वर्षांत जे चुकून तोंडी आलं नाही. मी म्हटलं, बेगिमाय? तर माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलंच नाही मी का दचकले."

वरून आवाज येत होता. बेगिमाय आत भांडी घासत होती. म्हणजे आत्ता घुसळणारी म्हातारी, मी हिशेब केला, आणि मला जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो आवाज फार मंद आहे. काहीच न देणाऱ्या गोष्टीला कुणी उगाच चोखत राहावं, तसा.

६

मंगळवारी दुपारी मी बाहेरगावच्या पाहुण्यांना उतरवून लवकर परतलो. बेगिमाय वर होती. मी तसाच वर गेलो. बूट दाराबाहेर काढले, त्यामुळे पावलं वाजली नाहीत. फक्त मोजे फरशीला चिकटून सुटत होते.

आवाज चालू होता. जिन्यातच ऐकू आला होता, जलद, भरलेला. मी मनाशी ठरवून आलो होतो: आत जायचं, रिवाजाप्रमाणे रवी मागायची, पाच दणके द्यायचे, आणि तळाशी काय आहे ते एकदाचं ढवळून बघायचं. साका असणार. जुनं कातडं असणार. मग मी खाली जाऊन जेवणार होतो.

स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तर रवी भिंतीला टेकवून ठेवलेली. माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर. कोरडी. तिच्या गोळ्यावर धूळ होती.

आवाज तरीही चालू होता. गुप. गुप. गुप.

सायराकान नमद्यावर बसली होती, हात मांडीवर सोडून, कामातून सुटलेल्या बाईसारखी. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. बेगिमाय पाठमोरी, पखालीच्या तोंडावर वाकलेली, डोक्याला तो रुमाल. तिचे हात पखालीला दोन्ही बाजूंनी धरून होते आणि ती काहीतरी पुटपुटत होती, बाळाशी बोलतात तसं. प्रत्येक 'गुप'ला पखालीचं काळं कातडं आत ओढलं जाई आणि सुटे. घशाची गाठ वरखाली व्हावी तसं.

माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं. ती वळली. झग्याच्या पुढच्या बाजूला दोन मोठे ओले गोल होते, खाली पोटापर्यंत ओघळलेले. आणि ती बाजूला झाली त्या क्षणात पखालीच्या तोंडावर, कातड्याच्या घडीत, पांढऱ्या दाढीची एक बट अडकलेली होती. फेसानं भरलेली. ती आत ओढली गेली. सावकाश, घाई नसल्यासारखी. मग कातडं मिटलं.

इतकंच मी पाहिलं. पखालीत मी डोकावलो नाही आणि डोकावणारही नव्हतो. मी तिथंच, दारात, पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकलो. अर्धवट आठवतं ते एवढंच की म्हातारी फडकं घेऊन आली आणि माझी ओकारी पुसता पुसता म्हणाली, "राहू दे, पोरा. पहिल्या वेळी होतं. मी पण ओकले होते."

बेगिमाय बिनतक्रार खाली आली. हाताला धरलं तशी आली.

७

बुधवारी सकाळी निघालो. बेगिमायचं माहेर कोचकोरला, डोंगरापलीकडे, चार तासांवर. तिथं तिची आई आहे, दवाखाना आहे, आणि कुणाच्याही डोक्यावर पाचवा मजला नाही. बुरुलनं तो रुमाल कात्रीनं कापून काढला, कारण गाठ सुटेना, आणि जाळायला चूल नाही म्हणून कचऱ्याच्या पेटीत टाकला. बेगिमायला तिनं आपला निळा रुमाल बांधला. पोरगी पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसली, मांडीवर हात. बुरुल मागे.

गाडी शहराबाहेर पडली. मी बडबडत होतो. मला गप्प बसता येत नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच. तोकमोकच्या बाजारातले खरबूजवाले कसे लबाड, बूमच्या घाटात वारा गाड्या कशा उलथतो. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या तरी वास जात नव्हता. तिच्या झग्याचा पुढचा भाग पुन्हा ओला व्हायला लागला होता. मी रस्त्याकडे बघत राहिलो. तोंडात सारखी लाळ येत होती, ती मी गिळत होतो.

तोकमोक मागे पडलं आणि बुरुल मागून वाकून तिच्या पोटाला हात लावून बसली. बराच वेळ तसाच हात.

"काय?" मी विचारलं.

"हलत नाहीये."

"झोपलं असेल."

"निघाल्यापासून हललेलं नाही. पोट गार लागतंय." तिचा आवाज मी ओळखतो. मागल्या वर्षी दवाखान्याच्या व्हरांड्यात तो असाच झाला होता.

मी गाडी बाजूला घेतली. पुढं घाटाचं तोंड दिसत होतं. मी बेगिमायकडे वळलो. चेहरा शांत, जरा घाईत असल्यासारखा, जशी माणसं बसथांब्यावर असतात.

"पोरी," मी म्हटलं, "दुखतंय का कुठं? दोन तासांत पोचतो आपण. तुझी आई वाट बघतेय. एकच कर माझ्यासाठी. आपल्या शहराचं नाव घे. एकदाच. माझ्या जिवाला बरं वाटेल."

ती माझ्याकडे वळली. सून सासऱ्याकडे अशी सरळ डोळ्यांत बघत नाही.

"सतिबाल्दी," ती म्हणाली, "गाडी वळव. सासरेबुवांची दुधाची वेळ टळून गेली."

उद्धटपणे म्हणाली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती उद्धट नव्हती. रस्त्यात शेजारच्या घरातल्या बाईनं ओळखीच्या माणसाला हाक मारावी, इतकं साधं होतं ते. माझ्या बायकोनं तीस वर्षांत माझं नाव घेतलेलं नाही. आरशात मी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात अजून त्या पोटावर होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिलेकला काय सांगायचं, याचा मी विचार केला. काहीच सुचलं नाही. मला. मग दुसऱ्याच्या घरची दिवस भरलेली सून कुठल्या हक्कानं डोंगरापार नेतोयस, असं कुणीतरी विचारल्यासारखं झालं.

समोरून वाळूचे दोन ट्रक गेले. ते जाऊ दिले. मग इंडिकेटर लावला आणि गाडी वळवली.

गाडीचं तोंड शहराकडे झालं तशी मागून बुरुल हळूच म्हणाली, "हललं."